लिफाफ्यातले केस

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे आनंदी मनाचे दहा उपाय मागितले होते. माझ्याकडे दहा नाहीत. एक आहे, तोही दरवेळी चालत नाही, आणि त्यापायी एकदा एका बाईवर नको ते संकट ओढवलं. तेच लिहिते आहे. छापायचं नसेल तर त्या जागेवर अनारशांची कृती टाकावी, वाचक नाराज होणार नाहीत.

इथे छत्तीसगढात, समता कॉलोनीत, बावीस वर्षांपासून माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. पाटीवर मानसशास्त्रज्ञ असं लिहिलेलं असल्यामुळे लोक जिना चढण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून घेतात. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. माझे निम्मे पेशंट घरून दात दाखवायला निघतात. मी गोळ्या देत नाही, कारण तो माझा अधिकार नाही. मी सवयींवर काम करते, आणि त्यातही अशा सवयींवर, ज्यांना लोक सवय म्हणायलाच तयार नसतात. डोक्याचे, भुवयांचे, पापण्यांचे केस उपटणं. चेहऱ्यावरची, दंडावरची कातडी कुरतडणं. रक्त येईपर्यंत नखं खाणं. गालाच्या आतली बाजू चावत राहणं.

ही माणसं वेडी नसतात. लक्ष वेधून घ्यायला ती हे करत नाहीत. 'नको करू' असं त्यांना सांगायचं कुणी बाकीही ठेवलेलं नसतं. हे वाक्य मी रोज एकदा तरी कुठल्यातरी काकांना ऐकवते आणि काका मान डोलावून म्हणतात, "बरोबर आहे मॅडम, पण तुम्ही एकदा जरा रागवा न तिला." जणू त्या घरात रागवणाऱ्यांचा दुष्काळ होता आणि म्हणून ते रिक्षा करून माझ्याकडे आले.

एका वडिलांनी मुलीच्या बोटांना मिरचीचं पाणी लावलं होतं. तिने त्याच बोटांनी डोळे चोळले. मग ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि तिथून माझ्याकडे आले. एका त्वचारोगतज्ज्ञाने एका कॉलेजकन्येला तीन वर्षं चाईची मलमं दिली. केस आपोआप गळतात की कुणी उपटतं, हा प्रश्न त्याला तीन वर्षांत विचारावासा वाटला नाही. तिनेही सांगितलं नाही, पण फी ती घेत नव्हती. एक राइस मिलवाले शेठ हनुवटीचे केस चिमट्याने उपटून उपटून जखमा करून घ्यायचे. मी चिमटा टेबलावर ठेवायला सांगितला. त्यांनी ठेवला आणि हात जोडले. मी हात पुढेच धरला. मग खिशातून दुसरा निघाला. तिसरा खाली ड्रायव्हरजवळ होता. माझ्या खणात आज असे अठरा चिमटे आहेत. दुसऱ्या कुठल्या बाबतीत मी गर्वाने आकडा सांगत नाही.

उपाय ऐकायला इतका साधा आहे की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. हात डोक्याकडे निघाला की मूठ आवळायची, कोपर अंगाशी धरायचं आणि एक मिनिट तसंच थांबायचं. ओढ वाढते, मग ओसरते. पुन्हा आली की पुन्हा मूठ. सोबत हाताचा रस्ता अडवायचा. बोटांना पट्टी लावा, अभ्यास करताना हातमोजे घाला, आरशावर कागद चिकटवा. बस. पण या सगळ्याच्या आधीची पायरी सगळ्यांत अवघड, कारण हात केव्हा निघतो ते माणसाला कळतच नाही. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, पेपर तपासताना हात आपला निघून जातो. म्हणून पहिलं काम, मोजणं.

आणि मोजण्यासाठी मी लिफाफे द्यायचे. उपटलेला एकही केस फेकायचा नाही, लिफाफ्यात टाकायचा. वर वार, वेळ, केसांची संख्या, आणि त्याआधी काय घडलं ते एका शब्दात लिहायचं. कारण शरमेने माणूस केस पलंगाखाली सारतो आणि मला येऊन सांगतो, दहा-पाच असतील. लिफाफ्यात साठ निघतात. पुस्तकात होतं, मी वापरलं, बरीच वर्षं बिनतक्रार चाललं.

शुभदा माझ्याकडे आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. नाव अर्थातच बदललं आहे, दुसरीचंही. बीरगांवला राहायची, एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. नवरा सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. घरात तिसऱ्या सासूबाई, मूळच्या वर्ध्याकडच्या, सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे चाळीस वर्षं इकडे. शुभदाच्या टाळूवर तळहाताएवढी जागा मोकळी होती. तिच्यावर ती विकतच्या केसांचा जुडा बसवायची, पंधरा पिना लावून. घरी सांगितलं होतं की केस गळतात. सासूबाई नऊ वर्षं तेल उकळत होत्या, नवरा नऊ वर्षं "पानी खराब है यहाँ का" म्हणत होता. मराठी त्याला समजायचं, बोलायचा हिंदीत.

तिला मी पंधरा लिफाफे दिले आणि दोन आठवड्यांनी यायला सांगितलं.

आता माझी चूक. पुस्तक लिहिणारा बीरगांवला राहिलेला नव्हता. मी मात्र याच शहरात वाढले. इथे कुठलीही बाई विंचरलेले केस तसेच टाकत नाही. गुंडाळते, त्यावर थुंकते, मग फेकते. माझी आई करायची, तिची आई करायची. आपला केस, आपलं नख, आपला जुना कपडा दुसऱ्याच्या हाती लागला की तो करणीला वापरतात, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी माहीत होतं. आणि मी एका बाईला सांगत होते की केस मोज, लिफाफ्यात भर, वर वार लिही आणि जपून ठेव. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, कारण असल्या गोष्टी आपल्या डोक्यात येत नाहीत याचाच मला अभिमान होता.

शुभदाने लिफाफे गाद्यांच्या थप्पीत ठेवले. सासूबाईंनी रजया उन्हात टाकायला काढल्या आणि अकरा लिफाफे खाली पडले. प्रत्येकात केस. वर मंगळवार, सव्वाचार, सतरा. बुधवार, सहा, चाळीस. आणि अकरातल्या सहांवर शेवटचा शब्द होता 'सासू'. मीच सांगितलं होतं ना, आधी काय घडलं ते एका शब्दात लिही म्हणून. गणिताची मास्तरीण, नेमकं लिहिणारी.

दुपारपर्यंत साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, कळलं की रेल्वेवाल्या बाईंच्या घरात कुणीतरी करणी केली. कुणी, हेही ठरलं. दुलारीने. दुलारी मागच्या गल्लीत राहायची, पाच घरी झाडूपोछा आणि भांडी करायची. नवरा वारलेला, एक मुलगी सातवीत. तिच्याविरुद्धचा पुरावा असा: ती विधवा होती, घरातल्या सगळ्या खोल्यांत तिचा वावर होता, आणि महिन्याभरापूर्वी तिने सासूबाईंचं एक जुनं ब्लाउज मागून नेलं होतं. तिला सहीपलीकडे काही लिहिता येत नाही, हे एका शेजारणीने काढलं, तेव्हा दुसरी म्हणाली की लिहून घेतलं असेल कुणाकडून. या बायकांच्या घरी वायफाय आहे. यांची मुलं पुण्याला इंजिनीअरिंग शिकतात.

शुभदा गुरुवारी आली. जुडा नीट, साडीला पिन, आणि बोलणं वर्गात धडा सांगावा तसं. लिफाफे सापडले. दुलारीचं नाव घेतलं गेलं. दोन घरांनी तिचं काम बंद केलं. नळावर ती आली की बायका बादल्या उचलतात. कुणीतरी भिंतीवर कोळशाने टोनही लिहिलं. रविवारी सकाळी एक बैगा बोलावला आहे, तो सगळ्यांसमोर तिची परीक्षा घेणार.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बैगा म्हणजे झाडफूक करणारा आणि टोनही म्हणजे चेटकीण. हा शब्द इथे गंमतीचा नाही. ज्या बाईला तो लागला तिला लोकांनी मारलं आहे, गावाबाहेर काढलं आहे, त्याहून वाईटही केलं आहे. छत्तीसगढात त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरून समजून घ्या.

"मग तू काय बोललीस?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"तुझे केस आहेत ते."

"हो."

"अक्षर तुझं आहे."

"हो न. पण सांगू काय? स्वतःच्याच हातानं टकली झाली म्हणून सांगू? आणि वरतून आईंचं नाव लिहून राहिली होती म्हणून?"

"हेच सांगायचं."

"तुम्हाले सोपं आहे. तुम्हाले त्या घरात राहायचं नाही."

हे खरं होतं, आणि मला राग येण्याचं तेच कारण असावं. मी तिला सांगितलं की रविवारी सकाळपर्यंत तिने बोलावं. नाही बोलली तर मी ठाण्यात जाऊन सगळं सांगेन, तिच्या नावासकट. ती म्हणाली, तुम्ही तर म्हणाल्या होत्या, इथली गोष्ट इथंच राहते. मी म्हटलं, राहते, दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतत नाही तोवर. पहिल्या दिवशीच्या कागदावर हे छापलेलं असतं, सही सगळे करतात, वाचत कुणी नाही. त्या अर्ध्या तासात तिचा हात तीनदा जुड्याकडे गेला. मूठ आवळ, असं मी एकदाही म्हटलं नाही.

रविवारी मी स्कूटरने बीरगांवला गेले. नळाजवळच्या चौकात वीसेक बायका, चार-सहा बाप्ये. बैगा खुर्चीवर चहा पीत बसला होता. पायाशी लिंबं, सुपात तांदूळ, मनगटावर ठसठशीत घड्याळ. सासूबाई प्लास्टिकच्या पिशवीत लिफाफे घालून ती दोन बोटांनी अंगापासून लांब धरून उभ्या होत्या. दुलारी आपल्या दाराच्या पायरीवर बसली होती. मुलीला तिने आत कोंडून बाहेरून कडी लावली होती.

मी नळाच्या पलीकडे भिंतीशी उभी राहिले.

शुभदा घरातून निघाली तेव्हा मला वाटलं ही अर्ध्यातून परत जाणार. नवरा मागे होता, त्याला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती चौकात आली, उभी राहिली आणि पिना काढायला लागली. एक एक करून. पंधरा पिना काढायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पाहिलं. बायका कुजबुजत होत्या. शेवटी तिने जुडा काढला, सासूबाईंच्या मोकळ्या हातात ठेवला आणि मान खाली करून टाळू सगळ्यांना दाखवली.

"ये मेरे बाल हैं," ती म्हणाली. "मैं खुद नोचती हूँ. कई साल से. लिफाफे मेरे हैं, लिखा भी मैंने है. दुलारी का इसमें कुछ नहीं है."

बैगाने कप खाली ठेवला. आलेलं काम हातचं जाऊ द्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, म्हणजे हिलाच लागलं आहे, हिची झाडफूक करावी लागेल. त्यावर शुभदाचा नवरा, ज्याला मी तोवर निव्वळ फर्निचर समजत होते, पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "महाराज, चाय हो गई ना? बस स्टैंड उधर है."

लोक पांगायला लागले. माफी कुणी मागितली नाही. ज्या बाईने 'लिहून घेतलं असेल' म्हटलं होतं, ती शुभदाला कुठलंसं तेल सांगत होती.

मी सासूबाईंजवळ गेले. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्यात जुडा. कुठलं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. मी विचारलं, अक्षर ओळखलं नव्हतं का तुम्ही?

"ओळखलं होतं न," त्या म्हणाल्या. "सुनेचं अक्षर मले नाही कळत का? वाण्याची यादी तीच तर लिहिते."

"मग दुलारीचं नाव काहून घेतलं?"

"तर काय घरच्या पोट्टीचं घेऊ? लोकं काय म्हणतीन, मॅडम? दुलारीचं काय, ते बाहेरची आहे."

हे त्या दुष्टपणाने म्हणाल्या नाहीत. दूध उतू गेलं तर गॅस बंद करावा, इतक्या सहज म्हणाल्या. मग पायरीकडे वळून त्यांनी दुलारीला सांगितलं की झालं गेलं विसर, उद्यापासून ये.

दुलारी उठली, साडी झटकली. छत्तीसगढीत म्हणाली, "मैं तो दू बछर ले जानत हंव, दाई. घर ला मैंच बहारथंव ना." घर मीच झाडते, दोन वर्षांपासून मला माहीत आहे.

शुभदाने तिच्याकडे पाहिलं. पलंगाखालचे, कपाटामागचे, टेबलाखालचे ते सगळे केस रोज कुणीतरी गोळा करून टाकत होतं, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतके दिवस डोक्यावर टोनही घेऊन दुलारी गप्प बसली होती. सासूबाईंनी विचारलं, मग बोलली काहून नाही? ती म्हणाली, "मैं कहितेंव त कोन मानतिस?" मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? आणि दाराची कडी काढायला गेली.

त्यानंतर शुभदाची प्रगती चांगली झाली. लपवायचं काही उरलं नाही म्हटल्यावर निम्मं काम आपोआप होतं. जुडा गेला, मूठ जमली, वर्षभरात टाळू झाकली. परीक्षेच्या दिवसांत अजून हात जातो, ती मोजते आणि फोन करून सांगते. लिफाफे मी बंद केले, आता वहीत काड्या मारायला सांगते. सासूबाई तेलाला श्रेय देतात. मी हा प्रसंग नागपूरच्या एका कार्यशाळेत सांगितला, पेशंटने स्वतःच्या तोंडाने बोलण्याचं महत्त्व समजावताना. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघीतिघींनी येऊन हात हातात घेतले. दुलारीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुलारी परत त्या घरी गेली नाही. उरलेल्या चारही घरांनी रविवारपर्यंत तिचं काम बंद केलं होतं. त्यांतल्या दोन घरांनी तिला पुन्हा बोलावलं, बाकीच्यांनी गडबडीत दुसऱ्या बायका ठेवल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. निर्दोष ठरली तरी नळावर तिच्या शेजारी बादली लावायला बायका अंमळ उशीरच करायच्या. सहा महिन्यांत तिने बीरगांव सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाच्या वस्तीत खोली घेतली. पत्ता मला शुभदाने दिला.

मी या लेखाची परवानगी मागायला गेले होते. ती अंगणात भांडी घासत होती, मुलगी आत अभ्यास करत होती. मी बसले आणि जे सांगायचं इतके दिवस राहिलं होतं ते सांगितलं. लिफाफ्यांची कल्पना शुभदाची नव्हती, माझी होती. वर लिहायलाही मीच सांगितलं होतं.

दुलारीचा हात थांबला. "त ओ दिन तुमन काबर नइ बोलेव, मैडम? उहेंच तो खड़े रहेव. तुँहर बात ला तो सबो झन मानतिन."

त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? तिथेच तर उभ्या होत्या तुम्ही. तुमचं तर सगळ्यांनी ऐकलं असतं.

मी तिला समजावून सांगितलं. पेशंटने स्वतः सांगणं गरजेचं असतं, दुसऱ्याने सांगितलं तर उपयोग होत नाही, म्हणून मी तिला गुरुवार ते रविवार वेळ दिला. ठाणं एका फर्लांगावर होतं, पण गेले असते तर शुभदाचं तोंड कायमचं बंद झालं असतं. हे सगळं मी नीट, सोप्या हिंदीत सांगितलं. ते चुकीचं नाही, आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओ तीन दिन मोर बेटी इस्कूल नइ गिस." आणि म्हणाली, लिहायचं तर लिहा, फक्त नाव खरं नको.

मग तिने पातेलं उपडं केलं आणि राख घेऊन पुन्हा घासायला लागली. मी उठले.